अकरा पॉइंट चार

भास्करकाका चौधरी पहिली तीन वर्षं मला चेहऱ्यानं ओळखत नव्हते. घरं समोरासमोर. बुऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यातली आमची बोळ इतकी अरुंद, की त्यांच्या ओट्यावरून हात लांब केला तर माझ्या खिडकीचा गज हाती लागावा. तरी रस्त्यात भेटलो की ते डोळे बारीक करून क्षणभर माझ्या कपाळाकडे बघायचे आणि मग एकदम उजळायचे, "अरे, नऊशे बावीस! जिन्याखालचं, काच तडकलेलं!"

नऊशे बावीस हे माझ्या विजेच्या मीटरचे शेवटचे आकडे.

काकांची सगळी नोकरी वीज खात्यात मीटर रीडर म्हणून गेली. तीस वर्षं ते लोकांच्या घरात शिरले, मान वर करून आकडा वाचला आणि मान खाली घालून बाहेर पडले. मधली माणसं त्यांनी पाहिलीच नाहीत. लग्नात नवरीकडे बघून म्हणायचे, "तीनशे सतराची धाकटी ना ही?" आणि अंत्ययात्रेत माझ्या कानाशी लागून, "अकराशे चार गेला बिचारा. फार हळू फिरायचं हो त्याचं."

निवृत्तीनंतर वाचायला मीटर उरली नाहीत, तेव्हा त्यांनी घरातच आकडे शोधले. माठातल्या पाण्याला थर्मामीटर लावला. सकाळी थोरल्या भावाच्या, रामदासदादांच्या, दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा गुंडाळायचे, आकडा मोठ्यानं वाचायचे आणि निघून जायचे. दोघा भावांत दिवसभरात तेवढंच बोलणं. दादांची दृष्टी काचबिंदूनं पार गेली होती. मागच्या खोलीत ते भिंतीकडे तोंड करून बसायचे. "कसं वाटतंय" हे काकांनी त्यांना कधी विचारलेलं मी ऐकलं नाही. "आकडा बोलला ना," ते म्हणायचे, "मग माणसाला कशाला त्रास द्यायचा?"

आमचं गाव नुकतंच जिल्हा झालं होतं त्या सुमारास, एका मे महिन्यात, काका इंदूरहून एक व्होल्टमीटर घेऊन आले. काडेपेटीएवढा, लाल चमकत्या आकड्यांचा, मोटारीत बसवायचा. बॅटरीत किती दम आहे ते तो सांगतो. शिवाय त्याला एक बटण. ते दाबलं की दिवसभरातला सगळ्यात कमी आकडा तो दाखवतो.

सगळी बोळ हसली, कारण काकांची मोटार कुठे जातच नव्हती. दादांची ती जुनी पांढरी गाडी. एके काळी दादा ती भाड्यानं चालवायचे. शाहपूर, खकनार, लग्नाची वऱ्हाडं, दवाखान्याचे पेशंट. आता बरीच वर्षं घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. टाकी कोरडी, टायर बसलेले. काका फक्त दर रविवारी तिची बॅटरी चार्ज करायचे. का, ते कुणी विचारलं नाही.

मीटर बसवायला युसुफभाई इलेक्ट्रिशियन आले. त्यांना लाल वायर किल्लीच्या स्विचवर जोडायची होती, म्हणजे किल्ली फिरवली की आकडे लागतील, काढली की विझतील. काका ऐकेनात.

"थेट बॅटरीवर जोडा."

"काका, रातदिन जलता रहेगा. बॅटरी उतरून जाईल."

"उतरू द्या. उतरली तर आकडा बोलेल ना!"

युसुफभाईंनी माझ्याकडे बघून खांदे उडवले आणि डॅशबोर्डखाली आडवे झाले. काळी वायर बॉडीला, लाल थेट बॅटरीला. आकडे लागले, बारा पॉइंट सहा. काकांनी मीटरला नमस्कार केला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी माझ्या खिडकीचा गज वाजवला. "नऊशे बावीस, जरा चला हो."

शेडमध्ये अंधारून आलं होतं आणि त्या अंधारात दोन-तीन लाल आकडे कुणाच्या तरी डोळ्यांसारखे तरंगत होते. काकांनी बटण दाबलं. अकरा पॉइंट चार.

"उभ्या गाडीची बॅटरी एवढी खाली?" काका कुजबुजले. "कोणीतरी पिऊन राहिलंय सर हिला." मी शाळेत शिकवतो, पण त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा सर म्हटलं. यावरून ते किती घाबरले होते ते मला कळलं.

उंदरांवर संशय घेऊन झाला. पिंजरा लावला, रिकामा राहिला. युसुफभाईंनी सगळी वायरिंग उलगडून पुन्हा बसवली. रोज सकाळी बारा पॉइंट सहा आणि रोज संध्याकाळी बटण दाबलं की अकरा पॉइंट चार. काकांनी गाडीला कुलूप घातलं होतं. किल्ली त्यांच्या करदोट्याला. दुसरी किल्ली कधीच हरवलेली.

मग युसुफभाईंचं लक्ष समोरच्या काचेकडे गेलं. मे महिन्यातली धूळ, काचेवर बोटभर थर. आणि त्या धुळीत दोन स्वच्छ अर्धगोल. वायपर फिरले होते. पाऊस तर दिवाळीपासून पडला नव्हता.

युसुफभाईंनी पक्कड, टेस्टर पिशवीत भरलं. "काका, वायरिंग में कुछ नहीं है. हे आपल्या हातातलं काम नाही," म्हणाले आणि सायकलवर बसून गेले ते परत आलेच नाहीत.

काकूंनी गाडीला लिंबू-मिरची बांधली. बांधता बांधता मला हळूच सांगितलं, "सर, तुम्हाला माहीत नाही. या गाडीत एक बाई गेली आहे. खकनारच्या पलीकडची, अडलेली बाळंतीण. दादा तिला आणि तिच्या सासूला घेऊन बुऱ्हाणपूरला निघाले होते. पावसाचे दिवस. वाटेत नाल्यावरचा तो रपटा, बुटका पूल, आहे ना, त्याच्यावरून पाणी वाहून राहिलं होतं. दादा थांबले. पाणी उतरलं तोवर सगळं आटोपलं होतं. त्या दिवसापासून दादांनी गाडी काढली नाही. डोळे तर नंतर गेले."



दुसऱ्या दिवशी काकांनी पाळत ठेवायची ठरवली. शाळेला सुट्टी होती, म्हणून मीही. दुपारी दोन वाजता आम्ही शेडच्या कोपऱ्यात, सरकीच्या पोत्यांमागे, उकिडवे बसलो. पत्रा तापून कडकड वाजत होता. बोळीत चिटपाखरू नाही. मीटरचे लाल आकडे स्थिर होते, बारा पॉइंट सहा.

अडीचच्या सुमाराला मागच्या खोलीची कडी वाजली. भिंतीला हात लावत लावत, अनवाणी, रामदासदादा आले. अंधारात चालावं तसे नाही. रोजच्या वाटेनं चालावं तसे. त्यांनी बंडीच्या खिशातून किल्ली काढली. हरवलेली दुसरी किल्ली. दार उघडलं, स्टिअरिंगमागे बसले, दार ओढून घेतलं, काच खाली केली.

समोरचे दिवे लागले. वायपर फिरू लागले. कोरड्या काचेवर रबर किंचाळत होतं. मागे ब्रेकचे लाल दिवे पत्र्यावर उमटले आणि तसेच राहिले. दादांचा पाय ब्रेकवरून हलत नव्हता.

माझ्या शेजारी काका सवयीनं पुटपुटले, "अकरा पॉइंट आठ... सात..."

उघड्या खिडकीतून दादांचा आवाज आला. मान किंचित मागे वळवून ते रिकाम्या सीटशी बोलत होते. "मावशी, घाबरू नका. तिला धरून बसा. पाणी उतरून राहिलं. हे बघा, उतरलंच."

काकांचं पुटपुटणं थांबलं.

वीस मिनिटं दादा तसेच बसून होते. मग दिवे मालवले, किल्ली काढली, स्टिअरिंगवरून एकदा हात फिरवला आणि भिंतीच्या आधारानं खोलीत गेले. काका पोत्यांमागून उठले, गाडीपाशी गेले. बटण दाबण्यासाठी बोट पुढे केलं आणि मागे घेतलं.

 नंतरचे चार दिवस रोज संध्याकाळी काका चार्जर लावत होते. युसुफभाई येत नव्हते, म्हणून स्वतः बाजारात जाऊन वायपरची नवी रबरं आणली आणि घामाघूम होत बसवली. टायरात हवा भरली. लिंबू-मिरची सोडून टाकली. सकाळी ते दादांच्या दंडाला पट्टा गुंडाळत असताना मी त्यांना ओट्यावरून, उघड्या दारातून पाहिलं. आकडा वाचून झाला तरी काका तिथेच बसून होते, काहीतरी बोलायला तोंड उघडत होते आणि मिटत होते.

पाचव्या दिवशी अडीच वाजता, पुन्हा त्या पोत्यांमागे, ते मला म्हणाले, "सर, तुम्ही इथेच थांबा."

दादा गाडीत बसले होते. दिवे लागलेले, वायपर या वेळी आवाज न करता फिरत होते. काका डावीकडून गेले, पुढचं दार उघडलं आणि दादांच्या शेजारी बसले. दादा दचकले नाहीत. मान समोरच राहिली.



मग काकांचा आवाज आला. "पाणी उतरलं. काढ गाडी."

"किती आहे?" दादांनी विचारलं.

"आता काही नाही. घोटे बुडतील एवढं."

"नक्की?"

"मी उतरून बघून आलो."

दादांनी किल्ली पुढे फिरवली. स्टार्टर घरघरला. टाकीत थेंब नव्हता, इंजिन लागणं शक्यच नव्हतं. पण दादांनी गिअर टाकला आणि पत्र्यावरचे लाल दिवे विझले. ब्रेकवरचा पाय उचलला गेला होता.

"हळू," काका म्हणाले. "दगड आहेत मधे. हां. चढलो. आता सरळ."

दादांचे हात स्टिअरिंगवर हलत होते. काका वाट सांगत होते. नाल्यापासून गावापर्यंत, एकेक झाड, एकेक वळण. डावीकडचा इंडिकेटर लागला, टकटक करत राहिला, बंद झाला. दादांच्या गळ्यावरून घाम वाहत होता. मी पोत्यांमागे उभा होतो आणि ती गाडी जागची तसूभर हलली नाही हे मला दिसत होतं.

"आला दवाखाना," काका म्हणाले. "थांबव."

गाडी थांबली. म्हणजे लाल दिवे पुन्हा पत्र्यावर उमटले.

"भरकन उतरव तिला," दादा म्हणाले. "सासूला आधी घे."

काका खाली उतरले. त्यांनी मागचं दार उघडलं आणि दाराला हात लावून बाजूला सरकून उभे राहिले, कुणाला वाट द्यावी तसे. एक बाई उतरायला लागेल तेवढा वेळ. मग अवघडलेली दुसरी उतरायला लागेल तेवढा वेळ. मग दार अलगद लावलं.

दादांनी वायपर बंद केले. दिवे मालवले. शेडमध्ये एकदम शांत झालं. आंधळे डोळे त्यांनी आवाजाच्या दिशेला वळवले.

"कोण, भास्कर का?"

"हो."

"तू कधी बसला गाडीत?"

काकांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. दादांना दिसण्याचा प्रश्न नव्हता, तरी तोंड फिरवून पुसले.

"खकनारपासून आहे ना मी, दादा."