आक्काताईंच्या गळ्यातील दोन आकड्यांची बखर

"गळा माझा, रगत माझं, आणि कागूद तेवढा ह्यांचा. वर रोज चार-चार अंडी! कोंबडीनं तरी एवढी बघितल्यात का?"

ऐसे शब्द कागल तालुक्यातील एका गावी, गॅसच्या शेगडीपुढे, मातोश्री आक्काताईसाहेब आपणाशीच बोलत्या जाहल्या. आणि हातभर अंतरावर सूनबाई संयोगिता भाकरी थापीत होती, तिच्या कानी ते लख्ख पडले, आणि तिने काही ऐकलेच नाही ऐसे दाखवून भाकरी उलटली. येथून या मोहिमेचा आरंभ. थोरांच्या लढाया थोरांनी लिहविल्या. ही लढाई करंगळीएवढ्या काचेच्या नळीत जाहली, सबब तिजकडे कोणी लक्ष दिले नाही. परंतु घडले ते विसरून जाऊ नये म्हणोन, पदरचे काही न घालता, आणि घातलेच तर मिठाइतके, येणेप्रमाणे लिहिले असे.

पूर्ववृत्त ऐसे की, दोन वर्षांपूर्वी आक्काताईंचे गळ्यात गाठ दिसो लागली, आणि कोल्हापुरी मोठ्या इस्पितळात थायरॉइड नामे ग्रंथी समूळ काढून तपासणीस पाठविली, आणि तिजमध्ये जे निघाले त्याचे नांव ऐकताच आक्काताईंचे यजमान राजश्री धोंडीराव तडक जिन्याकडे चालते जाहले. धोंडीराव म्हणजे गावच्या दूध संस्थेचे सचिव, दुधातली साय मोजणाऱ्या फॅटमशीनचे अधिपती. पंचवीस वर्षे सकाळ-संध्याकाळ दरबार भरवून, कोणाची म्हैस खरी आणि कोणाचा नळ खरा, याचा निवाडा करणारे. ऐसा पुरुष, परंतु इस्पितळाच्या जिन्यात कठड्यास धरून त्यांनी फर्मान काढिले की, तो शब्द आमचे उंबऱ्याआत कोणी उच्चारू नये, गावात पुसतील त्यास 'साधी गाठ' म्हणोन सांगावे, आणि खुद्द आक्काताईंस एकही कागद दाखवू नये. फर्मानाची अंमलबजावणी कडक. बखरकारासही तोच हुकूम लागू, सबब येथेही ते नांव लिहिले नाही.

आता गुपित ते हे की, आक्काताईंस सर्व ठाऊक होते. पुढे ग्रंथीचे उरलेसुरले जाळण्यास किरणोत्सारी आयोडीनचा डोस देणेकरिता ज्या खोलीत त्यांस एकटे निजविले, तिचे दारावर तेच नांव हातभर अक्षरांत रंगविले होते, आणि आक्काताई सातवी पास. परंतु नवरा भितो हे पाहोन त्यांनी ठाऊक नसल्याचे सोंग घेतले, आणि जो पुरुष दुधातले वाटीभर पाणी ओळखतो त्यास ते सोंग दोन वर्षे ओळखू आले नाही.

मग चालू साली इस्पितळात गळ्याची सोनोग्राफी आणि लॅबमध्ये रक्ततपासणी जाहली. आजवर लॅबचे कागद धोंडीराव जातीने आणीत आणि परस्पर गायब करीत. या खेपेस लॅबवाल्यांनी खलिता मोबाइलवर पाठविला, तो सूनबाईंचे हाती लागला. त्यात आकडे दोन. पहिला थायरोग्लोब्युलिन नामे प्रथिनाचा: शून्य पूर्णांक एकपेक्षा कमी. दुसरा त्या प्रथिनाविरुद्ध उभ्या राहिलेल्या अँटीबॉडींचा: एकशे शहाऐंशी, आणि शेजारी लिहिले होते की, चाराच्या आत असावा.

धोंडीरावांनी चष्मा पुसोन वाचिले आणि कपाळास हात लाविला.

"अगं सूनबाई, प्रोटीन लागलंच न्हाय की! सपशेल पाणी!"

"मामा, दुसरा आकडा..."

"दुसरा झ्याक हाय. एकशे शहाऐंशी! चार पायजे, आणि एवढं! तेवढाच एक आधार."

कारण संस्थेत आकडा चढला की हसावे आणि उतरला की म्हशीस सरकी वाढवावी, हाच कायदा त्यांस माहीत. त्यांनी त्याच घटकेस सरकीऐवजी अंडी, शेंगदाणे आणि रात्री मटणाचा रस्सा, ऐसा खुराक जारी केला. सूनबाई बी. कॉम.; तिने मोबाइलवर चार ठिकाणी वाचिले, आणि दुसरा आकडा आनंदाचा नाही इतके तिला उमगले, आणि ती गप्प राहिली. आक्काताई अंडी सोलीत राहिल्या. तिघे एका ताटाभोवती बसत आणि जो तो मिठाची चौकशी करी.

आठवे दिवशी तिघांनी एस.टी.ने कोल्हापूरकडे कूच केले. आधीचे डॉक्टर पुण्यास गेलेले; त्यांचे जागी डॉक्टर मनाली, वय लहान, नजर स्थिर. त्यांनी खलिता वाचिला, अंड्यांची हकीकत ऐकली, हसू दाबले, आणि सांगते जाहल्या की, हे प्रथिन अंड्यातले नव्हे. हे त्या ग्रंथीचेच आपले. ग्रंथी गेली, आयोडीनही दिले, तर रक्तात हे नसणे हेच बरे. सापडले तर त्या ग्रंथीच्या पेशी कोठेतरी दडून आहेत ऐसा संशय घ्यावा. म्हणजे पहिला आकडा शून्याजवळ, ही खुशखबर.

धोंडीरावांची छाती फुगली. मग डॉक्टरबाई म्हणाल्या की, थांबा. अँटीबॉडी ही शरीराचीच पलटण; ती या प्रथिनास मिठी मारोन बसते, आणि मिठीतले प्रथिन मशीनला दिसत नाही. पलटण हजर असता एकट्या पहिल्या आकड्यावर भरवसा ठेवू नये.

 धोंडीराव पंख्याकडे पाहू लागले, सूनबाई पर्सच्या चेनकडे. मग आक्काताई खुर्चीत पुढे सरकल्या.

"म्हंजे दूध की वो, बाई!"

"दूध?"

"नुसती लॅक्टोमीटरची डिग्री बघून दूध घेतलं तर फसतंय. कुणी वरची साय काढून घेतली की डिग्री चढती. मग बेतानं पाणी घातलं की जिथल्या तिथं. डिग्री म्हणती, दूध झ्याक. फॅट लावल्याबिगर चोरी कळत न्हाय. दोन्ही आकडं संगं बघायचं असत्यात." आणि मग यजमानांकडे वळोन, "पंचवीस वरसं मशीनवर बसतासा न्हवं? आणि मला अंडी चारतासा?"

धोंडीरावांनी मान खाली घातली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "मावशी, हे मी आता सगळ्यांना असंच सांगणार." आणि पुढे वदल्या की, मशीनला पहिला आकडा नीट दिसत नसता दुसऱ्या आकड्याची चाल बघावी. पलटण उतरत असेल तर बहुधा तिला लढायला कोणी उरले नाही. चढत असेल तर शोध घ्यावा. सबब मागचे दोन कागद द्या. एकाच लॅबचे आहेत ना?

सर्वांनी धोंडीरावांकडे पाहिले.

कागद संस्थेच्या लोखंडी कपाटात, वार्षिक सभेच्या फायलींखाली, कुलपात होते. आणि किल्ली धोंडीरावांचे करगोट्यास. आक्काताईंचे नजरेस पडू नयेत म्हणोन इतका बंदोबस्त की, खुद्द डॉक्टरांचेही नजरेस पडणे मुश्कील. डॉक्टरबाई दोन वाजेतो बसणार, घड्याळात साडेअकरा. तेव्हा धोंडीराव उठले, चप्पल उलटसुलट घातली, आणि वडापच्या, म्हणजे माणसे कोंबून नेणाऱ्या भाड्याच्या, जीपमध्ये अर्ध्या मांडीवर बसोन हायवेने कागलकडे दौडले.

इकडे बाकावर सासू-सून. 

"आत्ती," सूनबाई म्हणाली, "मी वाचलंतं मोबाइलवर. तुमास्नी सांगितलं न्हाय."

"म्हाईत हाय. आठ दिस भाकरी करपाय लागल्यात तुझ्या."

आणि आक्काताईंनी तिचा हात आपल्या मांडीवर घेतला. आणि दोघी जिन्याकडे डोळे लावून बसल्या.

दोन वाजण्यास दहा मिनिटे असता धोंडीराव दुधाच्या टेम्पोतून उतरले, घामाने निथळत, कागद बंडीच्या आत उराशी. डॉक्टरबाईंनी तीन कागद ओळीने मांडिले. चारशे बारा. दोनशे नव्वद. एकशे शहाऐंशी.

 ज्यासाठी इतकी मजल मारिली तो सवाल तिघांचेही ओठाशी येऊन माघारी फिरला. अखेर आक्काताईंनी पदर सावरिला.

"बाई, ते... ते परत आलंय का?"

"मावशी, पलटण उतरत आहे. मागच्या आठवड्यातली गळ्याची सोनोग्राफीही साफ आहे. आज तरी ते कुठं दिसत नाही. कायमचं वचन मी देणार नाही. सहा महिन्यांनी याच लॅबमध्ये परत बघू. आणि कागद मावशींच्याच हातात द्यायचे."

धोंडीरावांनी तीनही कागद दोन्ही हातांनी आक्काताईंस सुपूर्द केले, जैसे किल्ला सोडताना किल्लेदार किल्ल्या देतो तैसे. येणेप्रमाणे ठाणे फत्ते जाहले. अंड्यांचा खुराक त्याच दिवशी बरखास्त जाहला.

येथे कलम थांबावे. परंतु संध्याकाळचे वर्तमान राहिले. सहा वाजता संस्थेत रांग लागली. आक्काताई किटली घेऊन उभ्या, पुढे शेजारीण शालूबाई, जी दोन वर्षे दर आठ दिवसांनी एकच सवाल पुसे.

"काय म्हटलं कोल्हापूरच्या डाक्टरनं? नक्की काय निघालतं गं गळ्यात?"

आक्काताईंनी नित्याप्रमाणे तोंड उघडिले. "काय न्हाय, साधी गा..."

"कॅन्सर हुता."

आवाज मशीनमागून आला. मशीन आपली गुरगुरत होती.  धोंडीरावांनी चष्मा काढिला, आणि आकड्याकडे न पाहता आक्काताईंकडे पाहिले.

"आमच्या हिला कॅन्सर हुता, शालूबाई. ती न्हाय भ्याली. मी भ्यालतो."