कायमचा पत्ता

वेणीमाधव गुरुजींचं अक्षर इतकं सुंदर नसतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. मंडळाच्या सभागृहात सतरंजीवर आठ मुलं विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेचे फॉर्म पुढ्यात घेऊन बसली होती, आणि त्यांतल्या तिघांनी पहिल्याच रकान्यात खाडाखोड करून ठेवली होती. ते पाहून नरहर देवस्थळींनी कपाळाला हात लावला.

देवस्थळी रेल्वेत अधिकारी, पुण्याहून बदलून बनारसला आलेले. पंचगंगा घाटाजवळच्या गल्लीतलं हे मराठी मंडळ गणेशोत्सवापलीकडे काही करत नाही, हे पाहून त्यांचा जीव तळमळला आणि त्यांनी बारावीच्या मुलांसाठी ‘उच्च शिक्षण मार्गदर्शन वर्ग’ काढला. मंगळवारी इंग्रजी संभाषण, गुरुवारी गटचर्चा, रविवारी मुलाखतीचा सराव. एका रविवारी मंडळाचे अध्यक्ष म्हणून वेणीमाधव गुरुजींना मुलाखत घ्यायला बसवलं. गुरुजींनी प्रत्येक मुलाला गोत्र विचारलं आणि एकाला ते सांगता आलं नाही म्हणून नापास केलं. तरीही वर्ग बरा चालला होता.

“कोरे फॉर्म आणखी आहेत, पण या वेळी ते एकाच माणसाने भरायचे,” देवस्थळी म्हणाले. “गुरुजी, तुमच्या अक्षराला तोड नाही. तुम्ही भराल?”

गुरुजींनी उपरणं सावरलं. त्यांची मुलगी ईशानी त्या आठांतच होती. तिला गणित घेऊन विद्यापीठात शिकायचं होतं, आणि मुलींच्या कॉलेजऐवजी तिकडे का जायचं, यावर घरात वर्षभर वाद चालला होता. शेवटी मार्चमध्ये गुरुजी “बघू, देऊन बघ परीक्षा” एवढं म्हणाले. तो होकार आणखी एक वर्ष टिकेल याची ईशानीला मुळीच खात्री नव्हती, म्हणून ही परीक्षा तिच्यासाठी पहिली आणि शेवटची होती. गुरुजींचं मात्र असं होतं की, एकदा हो म्हटलं की त्यांना हातावर हात ठेवून बसवत नसे.

“आणा इकडे,” ते म्हणाले. “आणि तुम्ही पोरांनो, जा, कचौडी खाऊन या. मध्येमध्ये बोललात तर माझी ओळ वाकडी जाते.”

गुरुजी तीर्थोपाध्याय. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची नावं यजमानांच्या वहीत लिहिण्याचं काम त्यांच्या घरात सात पिढ्या चाललेलं. वहीत आधी गाव, मग घराणं, मग माणूस. गाव सापडलं की माणूस सापडतो, असं ते सांगत. त्यामुळे फॉर्मवर ‘कायमचा पत्ता’ हा रकाना दिसला तेव्हा त्यांना क्षणभरही विचार करावा लागला नाही. आठही मुलांची घराणी मुळात कुठली, हे त्यांना तोंडपाठ होतं. कुणाचं पैठण, कुणाचं वाई, कुणाचं नेवासे. स्वतःच्या मुलीच्या फॉर्मवर त्यांनी वेलांटीला जरा जास्तच डौल देऊन लिहिलं: मुक्काम पोस्ट आंबेखोल, जिल्हा रत्नागिरी.

त्याखाली ‘पत्रव्यवहाराचा पत्ता’ असा आणखी एक रकाना होता. एका कुटुंबाला दोन पत्ते असणं गुरुजींना बरं दिसेना. तिथे त्यांनी आठही वेळा ‘उपर्युक्त’ असं लिहिलं. सोबत जोडायच्या रजिस्टरच्या पाकिटांवरही हेच पत्ते घातले. मुलं कचौडी खाऊन परतली ती बोटं पुसत सह्या करून मोकळी झाली. देवस्थळींनी फॉर्म उलटसुलट पाहिले, पण त्यांची नजर फक्त खाडाखोड शोधत होती.

“एकही नाही!” ते गहिवरून म्हणाले. “आठ फॉर्म आणि एकही खाडाखोड नाही!”

मे संपला. शहरातल्या इतर मुलांकडे परीक्षेची प्रवेशपत्रं येऊ लागली. मंडळाच्या मुलांकडे काही येईना. देवस्थळींनी आधी धीर धरायला सांगितलं, मग त्या निमित्ताने ‘संयम’ या विषयावर गटचर्चा घेतली. जूनचा शेवटचा रविवार परीक्षेचा होता. त्याच्या आधीच्या गुरुवारी मात्र ईशानी वही मिटून उभी राहिली.

“सर, आता संयम पुरे. तीन दिन बचे हैं. आपण ऑफिसात जाऊन विचारू या ना.”

देवस्थळी, गुरुजी आणि ईशानी अशी तिघं विद्यापीठाच्या कचेरीत पोचली. तिथले मुख्य कारकून, बडे बाबू, पान भरलेल्या गालाने हसले आणि त्यांनी टेबलावर सात पाकिटं पत्त्यांसारखी पसरली. सातही परत आलेली.

“हम तो सोच रहे थे कि ये बच्चे रोज महाराष्ट्र से पढ़ने कैसे आएँगे,” ते म्हणाले.

देवस्थळींनी एक पाकीट उचललं. त्यावर पोस्टमनने शेरा मारला होता, ‘या नावाचे कोणी येथे राहत नाही.’ दुसऱ्यावरही तेच. नेवाशाच्या पोस्टमनने मात्र गावात चौकशी केलेली दिसत होती. त्याने लिहिलं होतं, ‘हे घराणे फार पूर्वी काशीस गेले. तिकडे शोध घ्यावा.’

“गुरुजी,” देवस्थळी अगदी हळू आवाजात म्हणाले, “हे तुम्ही काय लिहिलंत?”

“कायमचा पत्ता.”

“अहो, पण मुलं बनारसला राहतात!”

“राहतात. पण ती बनारसची आहेत का?” गुरुजींनी विचारलं, आणि विचारता विचारताच ईशानीच्या चेहऱ्याकडे त्यांचं लक्ष गेलं. पुढचं वाक्य त्यांनी गिळलं.

बडे बाबू माणूस भला होता. त्यांनी सातही पाकिटं सही घेऊन देवस्थळींच्या हवाली केली. देवस्थळींनी पुन्हा मोजली. पुन्हा सातच भरली.

“आणि आठवं? ईशानी पाध्ये?”

“वो तो पहुँच गया,” बाबू म्हणाले आणि त्यांनी फायलीतून पोचपावती काढली. आंबेखोलच्या पोस्टाचा शिक्का होता, आणि खाली ठसठशीत सही होती, ‘पाध्ये’. “मिल गया, दस्तखत भी है. लड़की वहीं रहती है.”

“लड़की ये सामने खड़ी है!” देवस्थळी ओरडले.

“वो तो हम भी देख रहे हैं. लेकिन कागज क्या कहता है? जो गुम हो जाए, उसका दूसरा प्रवेशपत्र बनता है. ये तो गुम हुआ ही नहीं.”

ईशानीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, आणि लहानपणी ती रडण्याआधी हेच करायची, हे गुरुजींना माहीत होतं. वर्षभर तिच्याशी वाद घालताना त्यांना जेवढं वाईट वाटलं नव्हतं, तेवढं या एका क्षणात वाटलं. तिला अडवायचं होतं तेव्हा त्यांना अडवता आलं नाही, आणि मदत करायला गेले तर तिची वाटच बंद झाली.

“कोई उपाय, बाबूजी?” त्यांनी हात जोडले.

बाबूंनी बराच वेळ विचार केला, खिडकीबाहेर पिंक टाकली आणि उपाय सांगितला. वडिलांनी स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं. मुलगी बनारसची कायम रहिवासी आहे. आंबेखोल या गावी तिचं घर नाही, नातं नाही, कोणी नाही. तिथे घेतलेला कागद रद्द समजावा.

गुरुजींनी कागद पुढे ओढला. पहिली ओळ झरझर उतरली. दुसऱ्या ओळीशी टाक अडला. गुरुजी अजूनही टाकानेच लिहीत.

“बाबूजी, इसमें ‘सध्या’... मतलब, ‘फिलहाल’ लिख दूँ? फिलहाल वहाँ घर नहीं है?”

“फिलहाल नहीं चलेगा, गुरुजी. है, या नहीं है.”

“हमें वहाँ से आए दो सौ छह साल हुए.”

“बीच में कभी गए थे?”

गुरुजींनी मान खाली घातली. “गए तो नहीं.”

खोलीत कोणी हसलं नाही. बाबूसुद्धा नाही. गुरुजींनी टाक पुन्हा शाईत बुडवला आणि लिहिलं, ‘आंबेखोल में हमारा कोई नहीं है.’ अक्षर नेहमीसारखंच सुंदर आलं होतं.

परतीच्या रिक्षात नवीन प्रवेशपत्र ईशानीच्या मांडीवर होतं आणि ते उडू नये म्हणून दोघांनीही त्याला धरलं होतं.

“आप्पा, तुम्हाला वाईट वाटलं ना?”

“मला कशाला वाईट वाटायचंय? तू प्रमेयं पाठ कर.”

“प्रमेयं पाठ नाही करत, आप्पा. समझनी पड़ती हैं.”

“मग समजून घे,” गुरुजी म्हणाले. घरी आल्यावर ते जेवलेही कमीच. त्यांच्या पत्नीने, शरदिनीबाईंनी, सगळी हकिगत ऐकून एवढंच विचारलं, “आणि माझं माहेर तर याच गल्लीत. त्याचाही पत्ता कोकणातलाच घातला असतात ना?”

रविवारी सकाळी ईशानी दहीसाखर खाऊन परीक्षेला गेली. दहाच्या सुमाराला गल्लीतून आधी वास आला, मग माणसं. वास पिकलेल्या फणसाचा होता. माणसं सात होती, तिघांच्या डोक्यावर वळकट्या होत्या, आणि सगळ्यांच्या पुढे धोतर खोचलेले एक सत्तरीचे गृहस्थ खांद्यावर फणस घेऊन चालत होते. दीड दिवसाच्या प्रवासात त्या फणसापायी डब्यातल्या लोकांशी त्यांची तीनदा भांडणं झाली होती, असं नंतर कळलं.

“वेणीमाधव पाध्ये इथेच राहतात ना? घाटावर विचारलं, तर हेच घर दाखवलं,” ते दारातून म्हणाले. “मी जनार्दन पाध्ये. आंबेखोल. ईशानी कुठे आहे हो? तिचं परीक्षेचं पत्र आणलंय.”

गुरुजी उठून उभे राहिले.

“पोस्टात टाकणार होतो,” जनार्दनपंत फणस ओट्यावर टेकवत म्हणाले. “पण पत्रावर बापाचं नाव वाचलं, वेणीमाधव. आमच्याकडे काशीस गेलेल्या शाखेची नावं सांगतात, त्यांत एक पिढी सोडून वेणीमाधव. म्हटलं, ही आपलीच पोर. परीक्षा काशीत, म्हणजे माणसंही काशीतच असणार. मग पोस्टावर कशाला भरवसा ठेवायचा? जातीने नेऊन देतो. गाडी तेवढी नऊ तास उशिरा आली. आज परीक्षा ना? चला, उठा!”

“ती गेली परीक्षेला,” शरदिनीबाई म्हणाल्या.

“पत्राशिवाय?”

आता सांगणं भाग होतं. गुरुजींना खोटं बोलण्याची सवय नव्हती आणि ऐन वेळी सुचलंही नसतं. त्यांनी सगळं सांगितलं. फॉर्म, उपर्युक्त, पोचपावती, बडे बाबू. शेवटचं वाक्य सांगताना त्यांनी जनार्दनपंतांकडे पाहिलं नाही.

“मी लिहून दिलं. आंबेखोलात आमचं कोणी नाही, असं. माझ्या हातानं.”

जनार्दनपंतांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मग फणसाकडे बघितलं.

“असं होय? मग मी हा कोणाला देऊ?”

“म्हणजे?”

“परसात विहिरीजवळ झाड आहे. काशीवाल्यांचा फणस म्हणतात त्याला. म्हणजे पहिलं झाड कधीच पडलं, हे त्याच्या आठळीचं, तिसरं की चौथं. पण त्याचा पहिला फणस घरात कोणी खात नाही. माणसं काशीस गेलीयत, परत आली तर, म्हणून तो देवळात ठेवतात.” त्यांनी उपरण्याने मान पुसली. “या वर्षी म्हटलं, माणसांचा पत्ता लागलाय, तर नेऊनच देऊ.”

गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला त्यांनी लगबगीने यजमानांची वही काढली आणि या सात जणांची नावं लिहायला बसले. पण वहीत आधी गाव लिहायचं असतं, आणि आंबेखोल लिहून झाल्यावर पुढचं अक्षर त्यांना दिसेना.

दुपारी ईशानी परत आली ती दारातूनच ओरडत, “आप्पा, सगळे प्रश्न सोडवले!” आणि ओट्यावर सात अनोळखी माणसं हाताला तेल लावून गरे काढत बसलेली पाहून जागच्या जागी थबकली. जनार्दनपंतांनी आधी तिच्या हातावर गरा ठेवला आणि मग पत्र. पत्र शिळं झालं होतं, तरी तिने ते जपून ठेवलं.

ईशानी उत्तीर्ण झाली, बाकीचे सातही झाले. जुलैत प्रवेशाचा फॉर्म भरायला आठही मुलं पुन्हा सतरंजीवर बसली. देवस्थळींनी या वेळी फळ्यावर मोठ्या अक्षरात सूचना लिहिली होती, ‘आपला फॉर्म आपण भरावा. गुरुजींना पेन देऊ नये.’ गुरुजी कोपऱ्यातल्या खुर्चीत हात बांधून बसले होते. पण पुढ्यातच बसलेल्या ईशानीच्या खांद्यावरून बघायला त्यांना कोणी बंदी केली नव्हती.

‘कायमचा पत्ता’ या रकान्याशी तिचं पेन थांबलं. तिने मान वळवून वडिलांकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते. तिने पंचगंगा घाटाजवळच्या त्यांच्या गल्लीचं नाव लिहिलं, घराचा नंबर लिहिला, वाराणसी लिहिलं. मग ती खालच्या रकान्याकडे वळली. ‘पत्रव्यवहाराचा पत्ता.’ आता पुन्हा तेच सगळं कोण लिहीत बसणार? तिने तिथे लिहिलं, ‘उपर्युक्त’.

गुरुजी खुर्चीतून अर्धवट उठले.

“पाहिलंत, देवस्थळी?” ते म्हणाले. “एका कुटुंबाला पत्ता एकच असावा. मी तरी दुसरं काय सांगत होतो?”