बारा मिनिटांचं जेवण

मुलांनो, एका जंगलात सगळेच जण फार कामात असत. काम काय होतं ते विचारू नका. सांगायला त्यांनाही वेळ नव्हता.

तिथे साळिंदरांचं एक कुटुंब राहायचं. आई कोंडाबाई, बाबा सोनबा आणि छोटी ठकी. कोंडाबाई पाणवठ्यावर नोकरीला होती. वाघ आणि हरणं एकाच वेळी पाण्यावर येऊ नयेत, एवढंच तिचं काम. सूर्य कलला की ती घरी यायची आणि मुगाची खिचडी टाकायची. वीस मिनिटांत पानं वाढून तयार. घाईला कारण होतं. दिवेलागणीला ठकी जिथे असेल तिथे झोपायची, आणि जेवायच्या आधी झोपली की रात्रभर उपाशी.

सोमवारी खिचडी, मंगळवारी खिचडी. बुधवारी सोबत पापड असायचा.

एकदा त्या जंगलात मंदाकिनीताई नावाची कोल्हीण आली. ‘बारा मिनिटांत रात्रीचं जेवण’ असा वर्ग ती घ्यायची. स्वतः रोज दुसऱ्यांकडे जेवायची, त्यामुळे स्वयंपाकातलं तिला सगळं कळायचं.

“रोज खिचडी?” ती कोंडाबाईला म्हणाली. “अहो, खिचडी म्हणजे हार मानणं.”

कोंडाबाईला ते फार लागलं. इतकी वर्षं आपण रोज संध्याकाळी हरतोय आणि वर पापड भाजतोय, हे बिचारीला माहीतच नव्हतं.

“मग मी काय करू, ताई?”

“पूर्वतयारी.”

रविवारी पूर्वतयारी सुरू झाली. चिरणं, किसणं, भिजवणं, वाटणं. रविवार पुरेना म्हणून शनिवारही घेतला. तोही पुरेना, तेव्हा कोंडाबाईने पाणवठ्यावरची आठवडाभराची रजा टाकली. एकूण एकेचाळीस डबे झाले. प्रत्येकावर पानाची चिठ्ठी चिकटवली.

आता डबे गार ठेवायला हवेत. जंगलात फ्रीज नव्हता, पण सोनबा होता. त्याच्या काट्यांना डबे अडकवून त्याला ओढ्यात उभं केलं.

“अगं, किती वेळ?” त्याने विचारलं.

“बुधवारपर्यंत. हलू नका, कोथिंबीर सांडेल.”

बुधवारी संध्याकाळी मंदाकिनीताई वेळ मोजायला आली. जेवायलाही आली. सोनबा निथळत घरात शिरला. पाहतात तर चिठ्ठ्या ओढ्याने नेलेल्या. मग एकेक डबा उघडून वास घ्यायचा. सोनबाला तीन दिवसांची सर्दी. त्याला चिंचेचा कोळ आणि आल्याची पेस्ट सारखीच. तेविसाव्या डब्यात खोबरं सापडलं, तोवर बाहेर अंधारलं. ठकी रिकाम्या ताटावर डोकं टेकून झोपली होती.

कोंडाबाईला रडू आलं. एकेचाळीस डबे भरलेले आणि लेक उपाशी. ती उठली. भांड्यात डाळ-तांदूळ धुऊन घेतले, हळद टाकली आणि चुलीवर ठेवले.

वीस मिनिटांनी तिने ठकीला मांडीवर घेतलं. ठकी काही जागी होईना. पण तुपाचा वास आला तसं तिने तोंड उघडलं आणि डोळे मिटूनच सात घास खाल्ले.

मंदाकिनीताईने दोनदा वाढून घेतलं. मग मिशा पुसत म्हणाली, “आठ मिनिटं जास्त झाली.”

“चुकलंच माझं, ताई,” कोंडाबाई म्हणाली.

पुढच्या सोमवारी ताईंचा नवा वर्ग निघाला. ‘आयत्या वेळची खिचडी : चार दिवसांची पूर्वतयारी.’ कोंडाबाईने पहिला नंबर लावला आणि रजा वाढवून घेतली. सोनबा न सांगताच ओढ्याकडे निघाला.

तात्पर्य : घाईत असाल तर खिचडी टाका. झटपट स्वयंपाक करायला मात्र भरपूर सवड हवी. आणि त्या बुधवारी बारा मिनिटांत जेवण कुणाचंच झालं नाही, असं समजू नका. वाघाचं झालं. पाणवठ्यावर कुणीच नव्हतं ना.