बंद असल्याचा दिवा

मास्तरांच्या व्हॅनमध्ये दोनच सीट होत्या. एकीवर ते स्वतः बसत आणि दुसरीवर त्यांच्या बायकोची तपकिरी पर्स बसत असे. रीतसर पट्टा लावून. पट्टा नसला की सीटवरच्या वजनाने गाडी टुंग टुंग करते, असं ते विचारणाऱ्याला सांगत. पर्स उचलून मागच्या अवजारांत ठेवली असती तरी टुंग टुंग थांबली असती, पण हे त्यांना सुचवायची कोणाची छाती झाली नव्हती. बायकोला जाऊन आठ महिने झाले होते. इस्पितळातून नर्सने पर्स हातात दिली, ती त्यांनी त्या सीटवर ठेवली, आणि तेव्हापासून ती तिथेच होती. उघडलेलीसुद्धा नव्हती.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. चाळीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या आणि हाताखालच्या पोरांना ते काम शिकवलं, म्हणून मास्तर. अडकलेली माणसं त्यांनी सुखरूप बाहेर काढली होती. स्वतः मात्र आठ महिने दोन मजल्यांच्या मध्ये अडकल्यासारखे घरात बसून होते. सकाळी उठायचं कशासाठी, हा प्रश्न त्यांना रोज पडायचा आणि रोज उत्तर न मिळताच ते उठायचे.

म्हणून शनिवारी सकाळी लेकीचा फोन आला तेव्हा त्यांनी तो पहिल्या रिंगला उचलला.

"बाबा, सोमवारपासून माझं ऑफिस सुरू. छकुलीला पाळणाघरात तुम्ही सोडणार ना, नक्की?"

"नक्की म्हणजे! रस्ता तीनदा मोजून आलोय. एकोणीस मिनिटं."

"पण एक अडचण आहे. तुमच्या गाडीला मागे सीट नाही. तिची खुर्ची पुढेच बसवावी लागणार, तीही उलट्या तोंडाची. आणि समोर एअरबॅग आहे. साधी धडक झाली तरी ती फुटून खुर्चीच्या पाठीवर आदळते. मोठ्या माणसाला वाचवते, पण बाळाला..." लेकीने ते वाक्य तिथेच सोडलं. "ती बंद करायची सोय असते म्हणे. बंद झाली की पिवळा दिवा लागतो. तुमच्या जावयाला त्या दिव्याचा फोटो हवाय."

"बंद झाल्यावर दिवा लागतो?"

"हो."

"बंद झाल्यावर दिवा विझतो, बाळा. चाळीस वर्षं मी तेच केलं."

"बाबा, फोटो पाठवा. पाळणाघर पाचला बंद होतं. तोवर नाही झालं, तर मी त्यांच्याच गाडीत तिचं नाव घालते. मग काही वाईट वाटून घेऊ नका."

मास्तरांनी वाईट वाटून घेणार नाही असं सांगितलं आणि लगेच वाटून घेतलं. छकुली पाच महिन्यांची होती. आजीने तिला पाहिलंच नव्हतं, तीन महिन्यांनी चुकामूक झाली. आता तिला रोज एकोणीस मिनिटं शेजारी बसवायचं, आजीबद्दल काहीबाही सांगायचं, एवढाच मास्तरांचा बेत होता. तो एका दिव्यापाशी येऊन अडला होता.

आधी त्यांनी गाडीचं माहितीपुस्तक शोधलं. स्वयंपाकघराच्या खालच्या खणात बायकोने घरातल्या यच्चयावत यंत्रांची पुस्तकं जपून ठेवली होती. मास्तर नवी वस्तू आणली की पुस्तक फेकून स्क्रू-ड्रायव्हर उचलत. ती पुस्तक उचलून पहिल्या पानापासून वाचत असे, आणि समासात पेन्सिलीने शेरे मारत असे. मिक्सरच्या पुस्तकात लिहिलं होतं, 'आवाज करतो. ह्यांनी दुरुस्त केल्यापासून.' इस्त्रीच्या पुस्तकात, 'चांगली चालते. ह्यांना दाखवू नये.' पंख्याच्या पुस्तकात नुसतं, 'अरेरे.'

मास्तर खणासमोर फरशीवर बसून सगळे शेरे वाचत राहिले. हसू येत होतं आणि चष्मा पुसावा लागत होता. साडेदहा वाजले. गाडीचं पुस्तक मात्र नव्हतं.

गॅरेजवाला ओळखीचा होता. माणूस हुशार, पण प्रश्नाचं उत्तर प्रश्नाने द्यायची खोड.

"एअरबॅग बंद करता येते का रे?"

"का नाही येणार? ती पर्स काढता का जरा?"

"का?"

"मी बसू कुठे?"

"उभ्याने बघ," मास्तर म्हणाले.

गॅरेजवाल्याने त्यांच्याकडे पाहिलं, पर्सच्या पट्ट्याकडे पाहिलं आणि तो पलीकडचं दार उघडून वाकला. डॅशबोर्डच्या त्या कडेला, दार उघडल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, किल्लीची एक खाच होती. मास्तरांनी ती जन्मात पाहिली नव्हती. ते दार बायकोचं. दार उघडून द्यायला गेलं तर ती म्हणे, "मी काय पाहुणी आहे?"

"ही काय. किल्ली घाला नि फिरवा."

मास्तरांनी गाडीची किल्ली घातली, फिरवली. कट्ट असा आवाज झाला. मग गाडी सुरू करून दोघं दिव्याची वाट बघत राहिले. दिवा लागला नाही.

"उलटी फिरवून बघू?"

उलटी फिरवली. नाही लागला. पुन्हा सुलटी, पुन्हा उलटी. अकरा वाजेपर्यंत ती किल्ली इतक्या वेळा फिरली की सुरुवातीला ती कोणत्या बाजूला होती, हे दोघांपैकी एकालाही सांगता येईना.

"फ्यूज गेला असेल," मास्तर म्हणाले. इथे त्यांना घरी जायची सुबुद्धी व्हायला हवी होती. पण बिघडलेलं काही समोर आलं की त्यांचे हात शिवशिवत. त्यांनी बाह्या सरसावल्या, डॅशबोर्डचं खालचं झाकण काढलं आणि फ्यूज बदलला. त्याबरोबर काच पुसायचे दांडे सुरू झाले. ते थांबवायला आणखी एक फ्यूज काढला, तर हॉर्न वाजू लागला आणि थांबेना. समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली. एक बाई कानांवर हात ठेवून म्हणाली, "अहो, गाडी रडतेय की काय?" गॅरेजवाल्याने बॅटरीची तार ओढून गाडीचा आवाज बंद केला.

"तुम्ही हात लावला नसता तर चाललं नसतं का, काका?"

हे वाक्य मास्तरांनी बायकोकडून एकतीस वर्षं ऐकलं होतं. आठ महिन्यांत पहिल्यांदाच ऐकलं, आणि त्यांना रागच आला नाही.

चार वाजता लेकीचा फोन आला. "झालं का?"

"होतच आलंय," मास्तर म्हणाले. मांडीवर डॅशबोर्डचं झाकण होतं.

"म्हणजे नाही झालं. मी येतेच तिकडे."

लेक आली ती एका हातात छकुली आणि दुसऱ्या हातात तिची खुर्ची घेऊन. गाडीची अवस्था पाहून तिने खुर्ची खाली ठेवली.  मग हळूच म्हणाली, "राहू दे, बाबा. मी पाळणाघराला फोन करते. तुम्ही रविवारी येत जा ना तिला भेटायला."

"अजून पाऊण तास आहे."

"पुस्तकात बघितलंत?"

"पुस्तक नाही. सगळा खण पालथा घातला. तुझ्या आईने कुठे ठेवलं ते तिलाच ठाऊक."

लेकीने सीटवरच्या पर्सकडे पाहिलं. मग वडिलांकडे. मास्तरांनी मान फिरवली. नको म्हणायला तोंड उघडलं होतं, पण छकुलीने त्याच वेळी त्यांची बाही घट्ट धरली आणि ते नको तोंडातच राहिलं.

लेकीने पट्टा काढला. पर्सची चेन उघडली. आत कंगवा, चष्म्याचं घर, औषधांची यादी, आणि सगळ्यात खाली गाडीचं पुस्तक. बोटभर पेन्सिल मध्ये घालून बंद केलेलं. पेन्सिलीच्या पानावर एअरबॅगच्या चित्राखाली शेरा होता. लेकीने तो वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीला ती थांबली. तिने पुस्तक वडिलांपुढे धरलं.

'बाळाची खुर्ची पुढे लावायची तर ही बंद हवी. हे कागदपत्रं करायला आत गेलेत, किल्ली माझ्याकडे आहे. फिरवून ठेवली. पिवळा दिवा लागला. ह्यांना सांगत नाही, लगेच दुरुस्त करायला काढतील. मी काही या सीटवर परत बसेन असं वाटत नाही, तेव्हा बंद असलेली बरी.'

खाली तारीख होती. त्या दिवशी मास्तरांनी तिला शेवटचं इस्पितळात नेलं होतं. डॉक्टरांनी त्यांना आधीच बाजूला घेऊन सगळं सांगितलं होतं, आणि मास्तरांनी ते तिला कळू दिलं नव्हतं. "दोन दिवसांत घरी," असं ते तिला म्हणाले होते. ती म्हणाली होती, "तर काय! दोनच दिवस." दोघंही जन्मात कधी एवढं खोटं बोलले नव्हते, आणि दोघांनाही वाटलं होतं की आपलं खपलं.

मास्तरांनी त्या ओळींवरून बोट फिरवलं. मग एकदम त्यांनी मान वर केली.

"पिवळा दिवा," ते म्हणाले. "रेडिओच्या वर?"

"असेल. का हो, बाबा?"

तिला इस्पितळात ठेवून त्या संध्याकाळी ते एकटेच घरी परतत होते. शेजारची सीट रिकामी होती, आणि रेडिओच्या वर कुठला तरी नवाच दिवा जळत होता. रस्ताभर तो डोळ्यांत खुपत राहिला. पुढच्या सिग्नलला त्यांनी खिशातून काळी चिकटपट्टी काढली, ब्लेडने नीट बेतून कापली आणि दिव्यावर चिकटवली. त्या दिवसांतलं त्यांना फारसं काही आठवत नव्हतं. हेही आत्ता आठवलं.

त्यांनी नखाने काळ्या डॅशबोर्डवरची काळी पट्टी सोलली. काम इतकं सफाईदार होतं की गॅरेजवाल्याच्या तरबेज डोळ्यालाही दिवसभर कळलं नव्हतं.

गॅरेजवाल्याने फ्यूज जागच्या जागी बसवले, बॅटरीची तार जोडली. मास्तरांनी बायकोचं दार उघडलं, खाचेत किल्ली फिरवली आणि गाडी सुरू केली. पिवळा दिवा लागला.

"म्हणजे आपण दिवसभर बंद असलेली एअरबॅग बंद करत होतो?" गॅरेजवाल्याने विचारलं.

"आईने आठ महिन्यांपूर्वीच करून ठेवलं होतं, बाबा," लेक म्हणाली, आणि छकुलीच्या टोपीत तोंड लपवून रडली. मास्तरही रडले. गॅरेजवाला उगाचच एक स्वच्छ पाना पुसत बसला.

पाचला सात मिनिटं असताना जावयाला फोटो गेला. उलट निरोप आला, 'दिवा दिसला. छान. पण डॅशबोर्ड कुठे गेला?'

सोमवारी एकोणीस मिनिटांच्या रस्त्याला चाळीस मिनिटं लागली. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून वाजवून नाद सोडला. छकुली उलट्या तोंडाने मास्तरांकडे टकामका बघत होती. मास्तर तिला मिक्सरची हकीकत सांगत होते. समोर दिवा जळत होता, आणि सवयीने त्यांचा हात एकदा खिशातल्या चिकटपट्टीकडे गेलाही. त्यांनी तो परत स्टिअरिंगवर ठेवला.

तिला पाळणाघरात सोडून ते गाडीत परत आले. शेजारी आता रिकामी खुर्ची होती. पर्स त्यांनी मांडीवर घेतली, पुस्तक काढलं, बोटभर पेन्सिल काढली. यंत्राच्या पुस्तकात त्यांनी आयुष्यात कधी काही लिहिलं नव्हतं. बायकोच्या शेऱ्याखाली थोडी जागा उरली होती. तिथे त्यांनी आजची तारीख घातली आणि लिहिलं, 'दिवा चालू आहे. दुरुस्त केला नाही.'