बिनधक्क्याचं जहाज

कुणाच्याही अंगावर नवं कापड दिसलं, की नरसय्या त्याचं टोक तोंडाला लावून फुंकायचे. माझ्या लग्नात भर मांडवात त्यांनी माझ्या सासऱ्यांचं उपरणं फुंकून बघितलं आणि मान हलवली. "वारा जातोय की! कामाचं न्हाय." सासरे दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

सोलापूरच्या आमच्या गिरणीत नरसय्या कापड तपासायला होते, मी शेजारच्या टेबलावर कारकून. सुताचा एक चुकलेला धागा त्यांच्या नजरेतून सुटायचा नाही. पण त्यांना हवं होतं ते वारा न जाणारं, हवाई जहाजाचं कापड. विमान म्हटलेलं त्यांना खपायचं नाही.

"विमान म्हंजे पंख लावलेली एष्टी, साहेब. ती पळती, आदळती. जहाजाच्या पोटात हलकी हवा भरायची आन् खाली बसायचं. ते नुसतं तरंगतं."

रद्दीच्या दुकानात त्यांना या जुन्या जहाजांवरचं एक इंग्रजी पुस्तक मिळालं होतं. त्यांना इंग्रजी येत नसे, म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी वाचून मराठीत सांगायचो. एका फ्रेंच माणसानं म्हणे गॅसच्या पिशवीखाली वाफेचं इंजिन टांगलं, आणि ठिणगी वर उडू नये म्हणून त्याचं धुराडं खालच्या बाजूला वळवलं. "लई शाना!" नरसय्या खूश. पुढं जर्मन लोकांनी पिशव्यांना गुरांच्या आतड्यांचा पापुद्रा लावल्याचं आलं. एका जहाजाला लाखो गुरं! नरसय्यांनी हातातली भाकरी खाली ठेवली. "असलं नको. आपण सुतातच करायचं."

आणि त्यांनी केलं. टाकाऊ कापडाला रबराचं द्रावण आणि जवसाचं तेल चोपडून म्हशीएवढी पिशवी शिवली. एका सुट्टीच्या दिवशी गिरणीमागच्या माळावर जस्ताचे तुकडे आणि तेजाब घालून गॅस केला. बघायला पॅकिंग खात्यातली सगळी मंडळी आली होती. पिशवी फुगली, डुलली आणि हळूच कुशीवर कलंडली.

"म्हैस बसली!" कुणीतरी ओरडलं. माणसं हसून हसून खाली बसली.

नरसय्या शांत होते. "ल्हान हाय म्हणून बसली. लांबी-रुंदी-उंची दुप्पट केली तर कापड चौपट लागंल, पर हवा आठपट मावंल. मग उडंल."

घरी जाऊन मी गणित करून पाहिलं. ते बरोबर निघालं. हा माणूस खरंच उडेल, अशी मला भीती वाटायला लागली.

त्यानंतर ते चार दिवस कामावर आले नाहीत. मी घर शोधत गेलो. एका खोलीत बाजेवर त्यांची बायको, राजव्वा, उताणी पडून होती; तिच्या कळा वाढल्या म्हणून ते घरी थांबले होते. तीन वर्षांपूर्वी टांगा उलटून तिचा कणा दुखावला होता. हे गिरणीत कुणाला माहीत नव्हतं. हाडांचा मोठा डॉक्टर गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिला दोनदा गाडीत घालून न्यायला निघाले, आणि दोन्ही वेळा पहिल्या खड्ड्यालाच ती कळेनं बेशुद्ध पडली.

"चाक आलं की धक्का आला, साहेब," नरसय्या म्हणाले. "बिनचाकाचं मला येवढं एकच सापडलं."

मी म्हणालो, "अहो, पण बाजेसकट खांद्यावरून का नाही नेलं?"

"त्याला मानसं लागत्यात की. आमाला कोन हाय?" दोघांनी घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं होतं. नातलगांनी दार बंद केलं ते कायमचं.

दुसऱ्या दिवशी मी पॅकिंगमध्ये जाऊन सांगितलं. म्हैस बसल्यावर हसलेलेच आठ जण रविवारी सकाळी दारात हजर झाले. बाज उचलली. नरसय्या पुढे चालत वाटेतले दगड पायानं बाजूला सारत होते. "खड्डा हाय! डावीकडनं! सावकाश!"

चौकात खांद्यावरची बाज बघून पानवाल्यानं टोपी काढून हात जोडले. त्याच्या शेजारच्यानंही काढली. नरसय्या भडकले. "जिती हाय! जिती हाय ती! टोप्या घाला!" बाजेवरून हसण्याचा आवाज आला. पाठोपाठ कळ आली असणार, कारण मग राजव्वा तेलुगूत "आगंडी, आगंडी," म्हणाली. थांबा, थांबा. आम्ही थांबलो. ती बराच वेळ नुसती वर बघत होती, गिरणीच्या धुराड्याकडे, घारींकडे.

ऑपरेशन नीट झालं. दिवाळीच्या सुमारास राजव्वा काठी टेकत दारापर्यंत येऊ लागली. पण मला आठवतं ते त्या रविवारचं. दवाखान्याच्या दारात बाज टेकली आणि तिथल्या टेबलामागच्या कारकुनानं वही उघडून विचारलं, "पेशंटचे नातेवाईक कोण?"

नरसय्यांनी मागे वळून घामानं भिजलेल्या आम्हा सगळ्यांकडे पाहिलं.

"हे समदे," ते म्हणाले. "लिवा."

कारकुनाच्या वहीत एकाच नावापुरती जागा होती. नरसय्या एकेकाच्या खांद्यावर हात ठेवत नावं सांगत राहिले.