बिराजदार सरांचं भिंतीचं गणित

बिराजदार सर गणित मांडल्याशिवाय पांघरूण घेत नाहीत. त्यांच्याकडे तीन चादरी आहेत आणि तिन्हींच्या कोपऱ्यांत दोऱ्यानं एक, दोन, तीन असे आकडे घातलेले आहेत. थंडीत आधी दोन नंबर, मग एक, मग तीन. "क्रम बदलला की उत्तर बदललं," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावतात. नव्या पेठेत एका दुकानात ते पट्टी घेऊन चादरीची जाडी मोजत बसले, तेव्हा दुकानदार शेवटी म्हणाला, "सर, चादर न्यायची हाय, का तिला पास करायचं हाय?"

सर भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. भवानी पेठेत त्यांच्या आणि आमच्या घरात एकच विटांची भिंत आहे. मी शाळेत मराठी शिकवतो. गणिताशी माझे संबंध दहावीनंतर उभयतांच्या संमतीनं संपले, तरी सरांनी मला ट्रान्स्फर मॅट्रिक्स शिकवलंच.

"लई सोपं आहे की, मास्तर. प्रत्येक थराला चार आकड्यांची एक चौकट. या बाजूनं आवाज किती शिरला, त्या बाजूनं किती निघाला, ते ती सांगते. थर दहा असू देत, चौकटींचा ओळीनं गुणाकार करायचा. झालं."

त्यांना माणसंही थरच वाटतात. मेव्हण्याच्या घरभरणीला मला जायचं नव्हतं. सर म्हणाले, "आधी मुलीला सांगा, तिच्याकडून सासूबाईंना. वहिनींपर्यंत राग अर्धाच पोचेल." मी गडबडीत आधी सासूबाईंना सांगितलं. नंतरचे दोन दिवस मी सरांकडे जेवलो.

अडचण होती ती भिंतीची. सकाळी दूध घेताना सर सहज विचारायचे, "काय मास्तर, काल आमटी खारट झाली होती म्हणं?" हे आमच्या हिच्या, म्हणजे सुनंदाच्या, फार जिव्हारी लागायचं. त्यात आमची मृणाल भौतिकशास्त्राच्या प्रवेशपरीक्षेला बसणार, तिला शांतता हवी. सुनंदानं फर्मान काढलं, "ती भिंत बंद करा. स्वतःच्या घरात भांडायची चोरी झालीय."

आता थरांचं काम म्हटल्यावर सरांनाच विचारणं आलं. त्यांनी ऐकलं आणि भिंतीवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "करू की." चार दिवसांनी अकरा पानं आणून दिली. भिंतीपासून बोटभर जागा सोडून प्लायवूड, मधली जागा रिकामी, आणि कापसाची गादी आमच्या बाजूला, प्लायवूडवर. सुतार म्हणाला, "गादी आत पायजे की, सायेब." मी त्याला ऐटीत सांगितलं, "क्रम बदलला की उत्तर बदलतं."

काम झालं. त्याच संध्याकाळी सरांना ठसका लागला आणि सुनंदानं दचकून पाण्याचा तांब्या पुढं केला, इतकं ते जवळून ऐकू आलं.

मृणालनं दोन दिवस बसून अकरा पानं तपासली. "बाबा, गुणाकार कुठंच चुकलेला नाही," ती म्हणाली. "पण हे आवाज अडवायचं गणितच नाही. एवढ्या फटीत नेमका माणसाच्या बोलण्याचा आवाज घुमतो आणि पलीकडे जास्तच जातो. सरांनी फट मिलिमीटरपर्यंत मोजून दिलीय ती त्यासाठीच."

सुनंदा तावातावानं निघाली, आम्ही ती पानं घेऊन तिच्या मागं. सरांनी पानांवरच्या मृणालच्या खुणा पाहिल्या आणि चष्मा काढला.

"सापडलं का? हुशार आहे पोर." मग मान खाली घालून म्हणाले, "वहिनी, आमची ही गेल्यापासून या घरात कुणी बोलत नाही. तुमच्याकडं पानं मांडली की मी माझं ताट घेऊन भिंतीशी बसतो. तुम्ही मास्तरांना दुसरी भाकरी वाढता, तेव्हा मीही घेतो. एरवी एकीवरच उठतो. ती भिंत बंद करा म्हणालात आणि माझा हात खरं लिहीना. चुकलं माझं. उद्या बरोबर काढून देतो."

भांडायला आलेल्या सुनंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही फार वाईट वाटलं. खारट आमटीवरून आम्ही या माणसाचा केवढा राग केला होता.

दुसऱ्या दिवशी सरांनी खरं गणित आणलं, दीडच पान. सुनंदानं ते कपाटात टाकलं आणि त्यांना जेवायलाच बोलावलं. सर इस्त्रीचा शर्ट घालून आले, पाहुण्यासारखे अवघडून जेवले. तिसऱ्यांदा बोलावलं तेव्हा म्हणाले, "वहिनी, राग मानू नका. मी आपला माझ्या जागीच बरा."

प्लायवूड अजून तसंच आहे. मृणाल गच्चीवर अभ्यास करते. सुनंदा जेऊरची, तिच्या हातची तिकडची झणझणीत बाजार आमटी झाली की आधी एक वाटी शेजारी जाते. मग सरांना बसायला वेळ देऊन आमची पानं मांडली जातात आणि माझ्या दिवसभराच्या चुका जरा चढ्या आवाजात वाचल्या जातात.

माझी पहिली भाकरी संपत आली की सुनंदा भिंतीकडे तोंड करून विचारते, "दुसरी घेताय ना?" मी ताट पुढं करत नाही. पलीकडून "घेतो, घेतो" असं आलं, की मगच ती मला वाढते.