गोविंदअण्णांच्या गेलेल्या बशा

गोविंदअण्णा सकाळी अंघोळ झाली की देवाच्या आधी बशांची विचारपूस करत. फळीवरची बशी उचलायची, तळहातावर तोलायची, वाकवलेल्या बोटानं कडेला ठोका मारायचा आणि कान अगदी जवळ न्यायचा. बशी टण्ण म्हणाली की, कानडीतलं "सरी", म्हणजे ठीक, म्हणायचं आणि "तुम्ही बऱ्या आहात," असं सांगून पुढचीकडे वळायचं. अशा सदतीस बशा. तोवर मी दोनदा कॉफी गरम करी.

बायको सरोजाबाई वारल्यावर ते बसवनगुडीच्या घरात एकटेच राहत. मी स्वयंपाकाला लागले तेव्हा आधीची बाई मला बसस्टॉपवर भेटली. "त्या घरात बशा आपोआप बोलतात गं," म्हणाली. तिनं खोटं सांगितलं नव्हतं. रस्त्यावरून जड गाडी गेली की फळी थरथरे आणि सगळ्या बशा एकमेकींत कुजबुजत.

बशा इंग्लंड-हॉलंडच्या, दोन-तीनशे वर्षांपूर्वीच्या. पांढऱ्यावर निळी चित्रं. भाजलेल्या मातीवर कथील घातलेली पांढरी झिलई चढवतात, असं अण्णांनी मला पुष्कळ वेळ समजावलं.

"म्हणजे कल्हईच की," मी म्हटलं.

"अक्का, हेच सांगायला पुस्तकात इंग्रजाला चार पानं लागली!" ते इतके खूश झाले की त्या दिवशी आमटी खारट झाली होती तरी बोलले नाहीत.

एका परातीएवढ्या बशीवर मुकुट घातलेला राजा होता. त्याचा एक डोळा खिडकीकडे, दुसरा माझ्याकडे. त्याला पुसताना मी मान खाली घालत असे.

यंदा दसऱ्यानंतर एका सकाळी अण्णांनी राजाला ठोका मारला आणि तसेच उभे राहिले. पुन्हा मारला.

"गेले," ते म्हणाले.

"कोण?"

"राजे. आतून तडा गेलाय. वरून दिसत नाही, आवाजावरूनच कळतं."

त्यांनी आपला पांढरा पंचा आणला, त्यात राजाला गुंडाळून कपाटाच्या खालच्या कप्प्यात निजवलं. "आज गोडाचं करू नका," म्हणाले. पुढच्या आठवड्यात आणखी दोन गेल्या. महिन्याभरात कपाटात पांढऱ्या कापडातल्या अकरा बशा ओळीनं निजल्या.

एकदा कपाट झाडताना पंचा सरकला आणि माझी बांगडी राजाला लागली. टण्ण.

मी चौथी शिकलेली, अण्णा तीस वर्षं बशा बघणारे. ते गेली म्हणतात ती गेलीच. मग हे कोण बोललं? मी घरून खंडोबाचा भंडारा आणून चिमूटभर कपाटात टाकला. तेवढ्यात रस्त्यावरून लॉरी गेली आणि आतल्या अकराही जणी कापडातूनसुद्धा एकदम किणकिणल्या. अण्णा कपाटाला पाठ टेकून पेपर वाचत होते. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. मला वाटलं, यांना सवय झालीय, आता भीती वाटत नाही.

मग एके दिवशी म्हणाले, "शनिवारी एक माणूस येईल. सगळ्याच देऊन टाकतो. एकेक जाताना बघवत नाही."

शनिवारी दाराशेजारी बसून ते बशा कागदात गुंडाळत होते. बेल वाजली. पुन्हा वाजली. तिसऱ्यांदा तर माणसानं बोट काढलंच नाही.

अण्णा माझ्याकडे बघून म्हणाले, "बघा, वेळेवर येतात का ही माणसं!"

मी पोळी तव्यावर टाकून तशीच धावले. कुकरच्या शिट्ट्या झाल्यावरही "भात लावला का?" म्हणून विचारणारे अण्णा मला आठवले; माझं भरडं बोलणं तेवढं त्यांना नीट ऐकू येई. मी परक्या पुरुषाशी सहसा बोलत नाही. तरी दार जरासं उघडून म्हटलं, "अण्णा घरात नाहीत."

माणसानं माझ्या खांद्यावरून अण्णांकडे बघितलं. अण्णांनी त्याला हात जोडले.

"उद्याही नाहीत," मी म्हटलं आणि दार लावलं.

"अहो, त्याला का घालवलं?"

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. राजाला पंच्यातून काढून ठोका मारला. "वाजतंय अण्णा. मला पहिल्यापासून ऐकू येतंय. बेलही वाजत होती."

"थट्टा करू नका अक्का."

"तीनदा वाजली."

ते दाराकडे बघत राहिले. हात हळूच कानाकडे गेला. मग एकदम उजळून म्हणाले, "म्हणजे या गेल्या नाहीत?"

"एकही नाही."

"कसा आहे हो आवाज? सांगा."

"भरलेली घागर विहिरीच्या काठाला लागते तसा." दुसरी उघडली. "ही जरा घोगरी. आमच्या मावशीसारखी."

अण्णा पोट धरून हसले. पोळी जळल्याचा वास आला तरी कोणी उठलं नाही. पाचव्या बशीला मात्र त्यांनी माझा हात थांबवला.

"अक्का," ते म्हणाले, "आमची सरोजा शेवटचे पंधरा दिवस नुसते ओठ हलवायची. मी सगळ्यांना सांगितलं, तिचा आवाज गेलाय."

मी तेव्हा या घरात नव्हते.

"काय म्हणत असेल हो?"

गॅस बंद करायचा होता. तो बंद करून मी परत आले आणि त्यांच्याशेजारी बसले.